शिक्का शाबूत, माल कमी: बंदरावरची चोरी आणि जहाजावरची तस्करी

सोलापुरातून टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या कारखानदारांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास निघतो. कंटेनर कारखान्याच्या दारात भरला, डोळ्यांदेखत सील ठोकलं, तिकडच्या बंदरात तेच सील, तोच नंबर, कुठं ओरखडा नाही. मग आतली खोकी कमी कशी भरली? दुसरा प्रश्न वेगळ्या घरांतून येतो. पोरगा मर्चंट नेव्हीत गेलाय. जहाजावर अमली पदार्थ सापडले की सगळ्यांनाच आत टाकतात असं ऐकतो. ज्यानं काहीच केलं नाही त्यानं काय करायचं?

सोलापूरपासून मुंबईचा समुद्र रस्त्यानं जवळजवळ चारशे किलोमीटर लांब आहे, पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले टेरी टॉवेल न्हावा शेवा बंदरातूनच बाहेर जातात आणि सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडची मुलं जहाजांवर नोकरी करतात. त्यामुळं बंदरावर काय घडतं हे आपल्यालाही कळायला हवं. वरच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोधायची तर माल कुणाकुणाच्या हातांतून जातो आणि त्या हातांना मोबदला कसा मिळतो, इथून सुरुवात करावी लागते.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू, कारण बातम्यांत त्यांची सरमिसळ होते. वाहतुकीत असलेल्या दुसऱ्याच्या मालातून थोडं थोडं काढून घेणं ही भुरटी चोरी. नुकसान मालाच्या मालकाचं किंवा विमा कंपनीचं होतं. सीमाशुल्क चुकवून किंवा बंदी मोडून माल देशात आणणं किंवा देशाबाहेर नेणं ही तस्करी. तस्करीचा माल चोरीचा असेलच असं नाही, बहुतेक वेळा तो पैसे मोजून घेतलेला असतो. नुकसान सरकारी तिजोरीचं होतं, आणि माल हेरॉइन किंवा स्फोटकं असतील तर सगळ्या समाजाचं. भुरटी चोरी गोदीतल्या माणसाला जमते, कारण माल त्याच्या हाताशी असतो. तस्करी खलाशाला जमते, कारण सीमा ओलांडणं हेच त्याचं काम असतं. आणि जहाजातून आलेला चोरटा माल बंदराच्या फाटकाबाहेर काढायला पुन्हा गोदीतलाच कुणीतरी लागतो. तिथं या दोन्ही वाटा एकमेकींना मिळतात.

मजुरी आणि मातेरं

गोदीतल्या चोरीचा सर्वांत गाजलेला हिशेब लंडनमधला आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी वेस्ट इंडीजची साखर, रम, कॉफी घेऊन आलेली जहाजं थेम्स नदीत आठवडे-आठवडे नांगरून पडत. धक्क्यावर जागा नव्हती. माल आधी पडावांत उतरायचा, मग काठावर, मग गोदामात. प्रत्येक टप्प्यावर नवी माणसं, नवे हात. पॅट्रिक कोल्हून नावाच्या दंडाधिकाऱ्यानं अंदाज मांडला की या नदीवर वर्षाला सुमारे पाच लाख पौंडांचा माल चोरीला जातो आणि तिथल्या ३३ हजारांच्या आसपास कामकऱ्यांपैकी ११ हजार जण त्यात सामील आहेत. काही जण आतून खिसेच खिसे शिवलेला अंगरखा घालून येत आणि साखर-कॉफी भरून नेत. काही टोळ्या तर मजुरी न घेताच जहाज रिकामं करायला तयार होत. त्यांची खरी कमाई कुठून व्हायची हे सगळ्यांना माहीत होतं.

जुलै १७९८ मध्ये कोल्हून आणि जॉन हॅरियट यांनी वॅपिंग इथं नदीवरचं पोलीस दल सुरू केलं. पैसा मुख्यतः वेस्ट इंडीजच्या व्यापाऱ्यांचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चिडलेल्या जमावानं त्यांच्या कचेरीवर हल्ला केला आणि त्यात माणूस मेला. १८०० साली कायदा होऊन हे दल सरकारी झालं. १८०२ मध्ये वेस्ट इंडिया डॉक्स उघडले, ते उंच भिंतींच्या आत, पहाऱ्यासकट.

जमाव का चिडला असेल? लोकांना चोरीचं समर्थन करायचं होतं असं म्हणून हा प्रश्न मिटवता येत नाही. आपल्या मार्केट यार्डात पोती उतरवताना सांडलेलं धान्य झाडून गोळा करतात, त्या मातेऱ्यावर कुणाचा तरी रिवाजानं हक्क असतो. थेम्सच्या काठावरही तसंच होतं. फुटलेल्या पिंपातून सांडलेली साखर, झाडलोट करून मिळालेली कॉफी, जहाजाच्या तळाशी उरलेलं काहीबाही ही मजुरीचाच भाग मानली जात होती. रोख मजुरी कमी ठेवायची आणि उरलेली कसर या ‘वरकमाई’वर सोडायची, हे मालकांनाही अनेक वर्षं सोयीचं होतं. गोम अशी की मातेऱ्यावर हक्क दिला की पोतं फुटायलाही कारण मिळतं. व्यापार वाढला, माल महागला, तेव्हा मालकांनी तो रिवाज एका फटक्यात गुन्हा ठरवला. मजुरी मात्र त्या वेगानं वाढली नाही. मला वाटतं, गोदी कामगाराला सरसकट चोर म्हणण्याआधी हा इतिहास ठाऊक असायला हवा. चोरी झाली हे खरंच, आणि ती ज्या व्यवस्थेत वाढली ती व्यवस्था कामगारानं उभारली नव्हती हेही खरं.

मुंबईच्या गोदीतही मूळ प्रश्न हाच होता. प्रिन्सेस डॉक १८८० साली सुरू झाला, व्हिक्टोरिया डॉक १८८८ साली आणि आज ज्याला इंदिरा डॉक म्हणतात तो अलेक्झांड्रा डॉक १९१४ साली. माल चढवण्या-उतरवण्याचं काम टोळ्यांकडं होतं. टोळीवाला माणसं आणायचा, तोच त्यांना काम द्यायचा. जहाज लागलं तर काम, नाहीतर उपाशी. ज्याला उद्या काम मिळेल की नाही याचा भरवसा नाही, त्याच्यासमोरून दिवसभर घड्याळं, कापड, दारूच्या पेट्या जात होत्या.

सुट्या मालाच्या त्या काळात चोरी करायला फार अक्कल लागत नव्हती. दोराच्या झोळीतून उतरणारी पेटी जरा जोरात टेकली की फळी निखळायची. गोणीत आकडा जरा खोल घुसला की धार लागायची. पेटी फुटलेली, आतला माल ‘रस्त्यातच कमी आलेला’. इथं खरी मेख टॅली क्लार्कच्या वहीत असायची. जहाजावरून किती नग उतरले हे तो मोजतो, गोदामात किती आले हे दुसरा मोजतो. दोन्ही आकड्यांत फरक पडला की जहाजवाला म्हणणार आम्ही पूर्ण उतरवला, गोदीवाला म्हणणार आमच्याकडं पूर्ण आलाच नाही. माल हरवतो तो अशा देवाणघेवाणीच्या जागी, जिथं एकाची जबाबदारी संपते आणि दुसऱ्याची अजून सुरू व्हायची असते. आजही हाच नियम लागू आहे, फक्त जागा बदलल्यात.

१९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला. त्यातून कामगारांची नोंदणी, पाळीपाळीनं काम आणि किमान मजुरीची हमी आली. मुंबईत पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी संघटना उभी केली. आज बंदराच्या बाहेरून जाणाऱ्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे. कामगाराला नोंदणीचं पुस्तक मिळालं, भविष्यनिर्वाह निधी मिळाला, गमावण्यासारखी नोकरी मिळाली. माझ्या मते चोरी रोखण्यात या नोकरीच्या हमीचा वाटा फाटकावरच्या झडतीपेक्षा मोठा असतो.

खलाशाचं जाकीट

आता जहाजावर येऊ. खलाशी तस्करीत का शिरतो, याचं सरळ उत्तर भावातल्या फरकात आहे. एकाच वस्तूचा दोन बंदरांतला भाव वेगळा असेल आणि तुम्ही फुकटात त्या दोन बंदरांमध्ये ये-जा करत असाल, तर मोह दारात उभाच असतो. इंग्रजांच्या काळात हिंदी खलाशाला, ज्याला इंग्रज ‘लास्कर’ म्हणत, त्याच जहाजावरच्या गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाइतका पगार मिळायचा. रत्नागिरीकडची, गोव्याकडची कितीतरी माणसं या पगारावर आयुष्यभर जहाजांवर राबली. परदेशातून आणलेलं एखादं घड्याळ किंवा अत्तराच्या चार बाटल्या विकून घरी जादा पैसे द्यायचे, हा प्रकार सगळ्या जगातल्या खलाशांत होता.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं सोन्याची आयात बंद केली. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने करायला मनाई झाली आणि गावोगावच्या सोनारांची रोजी गेली. १९६८ साली त्याचा स्वतंत्र कायदा झाला. लग्नसराई मात्र थांबली नव्हती. मागणी तीच, कायदेशीर पुरवठा शून्य, त्यामुळं देशातला भाव बाहेरच्या भावापेक्षा बराच वर. दुबईत सोनं उघड विकत मिळत होतं. तिथून दहा तोळ्यांची बिस्किटं निघायची. एक बिस्किट ११६ ग्रॅमच्या थोडं वर भरतं. अशी शंभर बिस्किटं कप्पे शिवलेल्या जाकिटात भरली की अंगावर साडेअकरा किलोंहून जास्त वजन होतं. सदऱ्याखाली ते दिसत नाही, पण चालताना पाय जड पडतात. कस्टमवाले शिडीवरून उतरणाऱ्याची चाल बघायचे ते याचसाठी.

मोठा माल मात्र जाकिटातून येत नव्हता. गलबतं दुबईहून निघायची, खोल समुद्रात मासेमारीच्या होड्यांना माल द्यायची आणि होड्या रात्री कोकणातल्या एखाद्या खाडीत शिरायच्या. गोदीत हमालीनं सुरुवात करून तस्करीत मोठा झालेला हाजी मस्तान याच काळातला. १९७४ साली कॉफेपोसा कायदा झाला. त्याखाली तस्कराला खटल्याविना स्थानबद्ध करता येतं. पण धंद्याचा कणा मोडला तो पुढं. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला आणि १९९२ पासून परदेशस्थ भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं आणायची मुभा मिळाली. भावातला फरक आटला तशी ती बिस्किटांची रीघही आटली. पुढं आयातशुल्क वाढलं की तस्करी पुन्हा डोकं वर काढते, हे आपण विमानतळांच्या बातम्यांत वाचतोच.

सोनं आणणाऱ्याला अनेकजण गुन्हेगार मानत नव्हते. ‘कुणाचं काय बिघडवतो, कर तर चुकवतो’ असं म्हणायचे. त्या समजुतीची किंमत फार मोठी मोजावी लागली. जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्ये रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीला जो माल उतरला, तो सोन्या-चांदीच्याच जुन्या वाटेनं, उतरवून घेणाऱ्या त्याच माणसांच्या मदतीनं. यावेळी पोत्यांत आरडीएक्स आणि शस्त्रं होती. पैसे घेऊन डोळे मिटणारे काही पोलीस आणि कस्टमचे लोक पुढं दोषी ठरले. १२ मार्चला मुंबईत साखळी स्फोट झाले आणि २५७ माणसं गेली. वाट एकदा तयार झाली की तिच्यावरून काय जाणार हे वाट करणाऱ्याच्या हातात राहत नाही. तस्करीकडं बघताना मला सगळ्यांत जास्त भीती याच गोष्टीची वाटते.

खलाशांवर उलट्या दिशेनंही दबाव असतो, आणि ते बाहेर फारसं बोललं जात नाही. कित्येक बंदरांत जहाज लागलं की वर चढणारे अधिकारीच सिगारेटची पाकिटं मागतात. नाही दिली तर कागदात खोट काढून जहाज अडवतात. सुएझ कालव्याला खलाशांनी ‘मार्लबरो कॅनॉल’ असं नाव पाडलंय ते यामुळंच. २०११ साली जहाज कंपन्यांनी एकत्र येऊन या लाचखोरीविरुद्ध मेरिटाइम अँटी करप्शन नेटवर्क उभं केलं. जहाजावर बिनशुल्काची दारू-सिगारेट असते, ती ठेवायच्या खोलीला बंदरात कस्टम सील करतं. प्रत्येक खलाशाला आपल्याजवळच्या वस्तूंची यादी लिहून द्यावी लागते. त्यासाठी १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारानं ठरवलेला नमुना आहे. यादीत नसलेला आयफोनसुद्धा त्रासाचं कारण होऊ शकतो.

जहाजाची झडती घेणारे कस्टमचे लोक काय बघतात? इंजिनरूमच्या तळाच्या पत्र्याखाली, छताच्या पडद्यांमागं, आगीच्या नळ्यांच्या पेट्यांत, जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात त्या बॅलास्ट टाकीच्या झाकणापाशी. आणि मुख्य म्हणजे स्क्रू. जुन्या रंगाखाली दबलेला स्क्रू आणि नुकताच फिरवलेला स्क्रू यांत फरक दिसतो.

पेटी बंद झाली तेव्हा

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत नेवार्कहून ह्यूस्टनला ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन निघालं. कल्पना माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याची. सुटा माल चढवायला टनामागं ५.८६ डॉलर लागत होते, या पद्धतीनं सोळा सेंट लागले. व्यापाऱ्यांना स्वस्ताई आवडलीच, पण चोरी थांबली हेही तेवढंच आवडलं. व्हिस्कीच्या पेट्या आता गोदी कामगाराला दिसतच नव्हत्या. पोलादी पेटी कारखान्यात बंद व्हायची ती थेट ग्राहकाच्या दारात उघडायची. आपल्याकडं न्हावा शेवाचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, ते या पेट्यांसाठीच. मुंबईच्या जुन्या गोदीतली माणसांची गर्दी तिथून ओसरू लागली.

भुरटी चोरी जवळजवळ संपली. पण चोरीचा एकूण जीव गेला नाही, तिनं रूप पालटलं. पूर्वी हजारो हात थोडं थोडं काढायचे. आता हात थोडे, पण एकदा मारला तर आख्खा कंटेनर. पूर्वी कामगार स्वतःसाठी घ्यायचा. आता बाहेरची टोळी एका माणसाला गाठते आणि त्याच्याकडून एकच गोष्ट मागते: एक नंबर, एक चावी, दहा मिनिटं कॅमेरा बंद.

आता कारखानदाराच्या पहिल्या प्रश्नाकडं येता येईल. सील शाबूत राहूनही माल जाऊ शकतो, कारण सील दाराच्या हँडलला असतं आणि हँडल दाराला रिव्हेटनं जोडलेलं असतं. चोर सीलला हात लावत नाहीत. रिव्हेट किंवा बोल्ट ड्रिलनं काढतात, हँडल सीलसकट बाजूला करतात, दार उघडतात, खोकी काढतात आणि नवा रिव्हेट ठोकून वर रंग मारतात. हे घडतं बंदरात कमी आणि रस्त्यावर जास्त, गाडी एखाद्या ढाब्यामागं किंवा गोदामात दोन तास उभी राहते तेव्हा. म्हणून कंटेनर ताब्यात घेताना सील तपासणं पुरेसं नाही. हँडलचे रिव्हेट जुने आहेत की चकचकीत, बिजागऱ्यांवरचा रंग सलग आहे का, हे बघून फोटो काढावेत, आणि भरल्यावर पुन्हा काढावेत.

वजन हा दुसरा साक्षीदार. १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन देणं बंधनकारक आहे. कारखान्याच्या काट्याची पावती आणि बंदरावरच्या काट्याची नोंद जुळत नसेल, तर माल कुठल्या टप्प्यात गेला हे ठरवायला मोठा आधार मिळतो. २०१७ पासून कारखान्यात स्वतः सील करणाऱ्या निर्यातदारांसाठी आरएफआयडीचं, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणारं, इलेक्ट्रॉनिक सील आलं. ते उघडलं तर कळतं. हँडलच सीलसकट निघालं तर मात्र त्याचाही फार उपयोग नाही.

पूर्ण कंटेनर भरण्याइतका माल नसलेल्या लहान निर्यातदाराची अडचण वेगळी. त्याची खोकी बंदराजवळच्या फ्रेट स्टेशनमध्ये इतरांच्या मालाबरोबर भरली जातात. म्हणजे सुट्या मालाचा जुना काळ तिथं अजून चालू आहे: अनेक हात, अनेक मोजण्या. अशानं विम्याची कागदपत्रं नीट वाचायलाच हवीत. ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ए’ हा प्रकार चोरीसकट बहुतेक धोके धरतो. ‘बी’ आणि ‘सी’ स्वस्त आहेत, पण चोरी आणि माल न पोचणं त्यात येत नाही. त्यासाठी टीपीएनडी (चोरी, भुरटी चोरी आणि माल न पोचणं) हे कलम जादा हप्ता भरून जोडून घ्यावं लागतं. दावा करायची वेळ आल्यावर हे कळलेले लोक कमी नाहीत.

चोरीपेक्षा भयंकर प्रकार म्हणजे तुमच्या कंटेनरात दुसऱ्याचा माल. रक्तचंदन आंध्रच्या शेषाचलमच्या डोंगरात वाढतं, त्याच्या निर्यातीवर कडक बंधनं आहेत आणि परदेशात भाव मोठा आहे. तपास यंत्रणांनी पुन्हा पुन्हा उघडी पाडलेली पद्धत अशी: चांगल्या नावाच्या निर्यातदाराचा कंटेनर बंदराकडं निघतो, वाटेत गोदामात वळवला जातो, त्याचा माल उतरवून लाकडाचे ओंडके भरतात, सील जसंच्या तसं दिसेल असं बसवतात. कागदावर टॉवेल, आत रक्तचंदन. पकडलं की पहिला फोन कागदावर नाव असलेल्या निर्यातदाराला. हैदराबादकडून मुंबईकडं जाणारा महामार्ग सोलापुरातूनच जातो आणि त्यावर गांजा पकडल्याच्या बातम्या नेहमीच्या आहेत, तेव्हा ही गोष्ट दूरची समजू नये. गाडीचा जीपीएस बघा, अनोळखी वाहतूकदाराला केवळ स्वस्त म्हणून माल देऊ नका, आणि आपला आयात-निर्यात क्रमांक, म्हणजे आयईसी, ‘जरा वापरू द्या’ म्हणणाऱ्याला कधीही देऊ नका.

कोकेनवाले हीच युक्ती उलटी वापरतात. दक्षिण अमेरिकेतल्या बंदरात केळी किंवा कॉफीच्या खऱ्या कंटेनरचं दार उघडून तोंडाशीच पिशव्या टाकतात, नकली सील लावतात. युरोपात कंटेनर उतरला की ग्राहकाकडं जायच्या आत पिशव्या काढून घेतात. माल पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला पत्ताच नसतो. २०२३ साली एकट्या अँटवर्पला ११६ टन कोकेन पकडलं गेलं. २०११ ते २०१३ च्या दरम्यान तिथं टोळ्यांनी बंदराच्या संगणकांत शिरून कंटेनर सोडवायचे कोड मिळवले होते. आता कोड चोरण्यापेक्षा कोड माहीत असलेल्या कर्मचाऱ्याला विकत घेतात. नाही म्हटलं तर घरच्यांना धमकावतात. रॉटरडॅममध्ये रात्री बंदरात शिरून पिशव्या काढायला कोवळी पोरं पाठवतात. पकडलं जातं ते पोरगं, माल ज्याचा तो कुठल्या तरी तिसऱ्याच देशात असतो. भारतात सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात टाल्कम दगडाच्या नावाखाली आलेल्या दोन कंटेनरांत जवळपास तीन हजार किलो हेरॉइन सापडलं. रोज हजारो पेट्या हलतात आणि उघडून बघितल्या जातात त्या फारच थोड्या. सगळा खेळ या अंकगणितावर चालतो.

पोरानं काय करायचं

जून २०१९ मध्ये फिलाडेल्फियाला ‘एमएससी गयाने’ हे अवाढव्य कंटेनर जहाज पकडलं गेलं. आत सुमारे १८ मेट्रिक टन कोकेन होतं. चालत्या जहाजाला भरसमुद्रात स्पीडबोटी येऊन भिडल्या होत्या आणि जहाजाच्याच क्रेननं पोती वर ओढून कंटेनरांत लपवली होती. आठ खलाशांनी गुन्हा कबूल केला. त्यांत अधिकारीही होते. म्हणजे खलाशी सामील असतात हे खरं आहे, आणि त्यामुळंच सामील नसलेल्यांवर संशय लगेच येतो.

याची दुसरी बाजू बघा. २०२० मध्ये पाच भारतीय खलाशी, त्यांत महाराष्ट्राचेही, इराणमध्ये अमली पदार्थांच्या आरोपाखाली पकडले गेले. न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये त्यांना निर्दोष ठरवलं. घरी यायला जुलै उजाडला. निर्दोष माणसाचं दीड वर्ष गेलं, पगार गेला, घरच्यांचा जीव टांगणीला राहिला तो वेगळाच.

कायदा इतका कठोर का वाटतो, तेही समजून घेऊ. साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, गोदामातून खोकं उचललं किंवा नोकरानं मालकाचं चोरलं तर सात. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात तस्करीला सात वर्षांपर्यंत. पण १९८५ च्या अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यात व्यापारी प्रमाणात अमली पदार्थ सापडले तर कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस. तिथं जामीन अवघड आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करायची जबाबदारी बऱ्याच अंशी आरोपीवर येते. परदेशातले काही कायदे याहूनही कडक आहेत.

म्हणून पहिली काळजी जहाजावर चढण्याआधीची. भारतात खलाशांची भरती करायला आरपीएसएल परवाना लागतो आणि तो खरा आहे की नाही हे नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर बघता येतं. लाखो रुपये घेऊन पर्यटक व्हिसावर आखातात नेणारा एजंट परवानाधारक नसतो. अशी पोरं शेवटी जुनाट, कागद नसलेल्या बोटींवर पोचतात. डिझेलची चोरटी वाहतूक करणाऱ्या बोटींना माणसं अशीच मिळतात. एजंट जहाजाचं नाव सांगायला टाळाटाळ करत असेल तर तिथंच थांबावं. प्रत्येक मोठ्या जहाजाला सात आकडी आयएमओ क्रमांक असतो, तो मागून घ्यावा आणि जहाज कुणाचं आहे ते तपासावं.

जहाजावर कुणी ‘ही पिशवी पुढच्या बंदरात माझ्या माणसाला दे’ म्हणालं, तर तो वरिष्ठ असला तरी घ्यायची नाही. बंद टाकीत, कपाटात, कंटेनरच्या फटीत अनोळखी पिशवी दिसली तर हात लावायचा नाही, उघडून बघायचं नाही, समुद्रात फेकायची नाही. हाताचे ठसे आणि गायब झालेला माल दोन्ही अंगाशी येतात. २००४ पासून लागू असलेल्या आयएसपीएस या जहाज-बंदर सुरक्षेच्या संहितेनुसार प्रत्येक जहाजावर एक सुरक्षा अधिकारी असतो. त्याला आणि कॅप्टनला तात्काळ सांगायचं, वेळ आणि जागा आपल्या वहीत लिहायची, जहाजाच्या नोंदवहीत नोंद झाली का ते विचारायचं. बंदरात लागण्याआधी सांगितलेली गोष्ट आणि झडतीत सापडलेली गोष्ट यांत तपास अधिकाऱ्याच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक असतो. संशय वरिष्ठांवरच असेल तर कंपनीच्या किनाऱ्यावरच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा नंबर जहाजावर लावलेला असतो, तिथं कळवायचं.

घरच्यांनी पोराचा पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं ओळख आणि नोकरीच्या नोंदींचं पुस्तक), नोकरीचा करार, जहाजाचा आयएमओ क्रमांक आणि एजंटचा आरपीएसएल क्रमांक यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. परदेशात अटक झाल्याचा फोन आला तर त्याच दिवशी नौवहन महासंचालनालयाला, त्या देशातल्या भारतीय वकिलातीला आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर कळवावं. एनयूएसआयसारख्या खलाशी संघटनेलाही सांगावं, कारण जहाजमालकाच्या विमा मंडळाकडून वकील मिळवून देणं त्यांना जमतं. पोराला एवढंच सांगून ठेवायचं की समजत नसलेल्या भाषेतल्या कागदावर, दुभाषी आणि वकिलातीचा माणूस येईपर्यंत, सही करू नकोस.